भूकंपीय गुणविशेष

भूकंपीय गुणविशेष म्हणजे भूकंपीय सर्वेक्षणात नोंदलेल्या परावर्तित तरंगांवरून गणिताने काढलेली राशी होय. तरंगाचा परमप्रसर, कंप्रता, कला आणि शेजारच्या नोंदींशी असलेले साम्य या अशा राशी आहेत. तेल साठवू शकणारा खडक किती सच्छिद्र व किती जाड आहे आणि तो कोठे भंगला आहे, याचा अंदाज विहीर खोदण्यापूर्वी बांधण्यासाठी त्यांचा उपयोग करतात. गुणविशेष हा तेलाचा पुरावा नसतो. ते खडकाविषयीचे अनुमान असते.

तत्त्व

खनिज तेल भूमिगत तळ्यात नव्हे, तर खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत व भेगांत साठते. सर्वेक्षणासाठी जमिनीवर स्फोटाने किंवा कंपनयंत्राने, तर समुद्रात दाबलेली हवा एकदम मोकळी करून तरंग निर्माण करतात. खडकाची घनता व त्यातील तरंगाचा वेग यांच्या गुणाकारास ध्वनिक संरोध म्हणतात. लगतच्या दोन थरांच्या संरोधांत जितका फरक अधिक, तितके परावर्तन तीव्र होते. सच्छिद्रता वाढली की घनता व वेग सामान्यतः घटतात. छिद्रांत वायू असल्यास ही घट आणखी वाढते. म्हणून परावर्तनातील बदलांवरून खडकातील बदल ताडता येतो.

विकास

१९७० च्या दशकात वायूच्या शोधासाठी असाधारण तीव्र परावर्तनाच्या जागांकडे लक्ष दिले जाऊ लागले. १९७९ मध्ये टेनर, कोहलर व शेरिफ यांनी तरंगाचा प्रत्येक क्षणाचा परमप्रसर, कला व कंप्रता स्वतंत्रपणे काढण्याच्या पद्धतीचे सविस्तर विवेचन केले. १९९५ मध्ये बाहोरिच व फार्मर यांनी ‘सुसंगती’ हा गुणविशेष मांडला. शेजारच्या नोंदींतील साम्य जेथे एकाएकी घटते, तेथे विभंग किंवा गाडल्या गेलेल्या प्राचीन नदीपात्राचा काठ असू शकतो.

मुंबई हाय

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किमी. अंतरावरील या क्षेत्रात १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या खोदाई-मंचावरून केलेल्या खोदाईत तेल सापडले. उत्पादन १९७६ मध्ये सुरू झाले. येथील मुख्य साठा मायोसीन काळातील चुनखडकात आहे. चुनखडकाच्या थरांमध्ये शेलचे पातळ पट्टे आहेत. अशा रचनेत गुणविशेषांची मर्यादा स्पष्ट दिसते. तरंगाचा वेग सेकंदाला ४,००० मी. व कंप्रता ४० हर्ट्‌झ धरल्यास तरंगलांबी १०० मी. येते. साधारणपणे तिच्या चतुर्थांशाहून, म्हणजे येथे २५ मी. हून, पातळ थराचा माथा व तळ वेगळे ओळखता येत नाहीत. अशा वेळी अनेक थरांचा एकत्रित परिणामच नोंदीत उमटतो.

यवतमाळ जिल्हा व बेसाल्टचे आवरण

यवतमाळ जिल्ह्यात तेलक्षेत्र नाही. मात्र या पद्धतीपुढील एक मोठी अडचण समजण्यास येथील भूरचना उपयोगी आहे. जिल्ह्याचा बराच भाग दख्खन ट्रॅप या लाव्हाजन्य बेसाल्टने व्यापलेला आहे, तर वणी परिसरात कोळसा असलेले गोंडवनी गाळाचे खडक आढळतात. बेसाल्टखाली गाळाचे खडक असतील, तर ते तरंगांनी शोधणे कठीण जाते. लाव्हाच्या थरांत भरीव व सच्छिद्र भाग आलटून पालटून येतात. त्यामुळे तरंग विखुरतात, त्यांची ऊर्जा घटते आणि खोलवरून परत येणारा क्षीण तरंग वरच्या थरांच्या पुनःपुन्हा होणाऱ्या परावर्तनांत हरवतो. मूळ नोंदच अशी गढूळ असेल, तर तिच्यावरून काढलेला गुणविशेषही तेवढाच अविश्वसनीय ठरतो. म्हणून ट्रॅपच्या प्रदेशात गुरुत्वीय व भूविद्युत-चुंबकीय मापनांची जोड घेतात.

मर्यादा

छिद्रांत वायू अत्यल्प असला तरी परावर्तन तीव्र होऊ शकते. त्यामुळे केवळ तीव्रतेवरून साठा किफायतशीर आहे असे म्हणता येत नाही. विहिरी मोजक्या आणि गुणविशेष अनेक असतील, तर त्यांतील एखादा सच्छिद्रतेशी निव्वळ योगायोगानेही जुळतो. म्हणून निवडलेल्या गुणविशेषामागे भौतिक कारण आहे का, हे आधी पाहतात. त्यानंतर काही विहिरी मुद्दाम गणनेबाहेर ठेवून, त्या ठिकाणी अनुमान खरे ठरते का, याची पडताळणी करतात. ही पडताळणी वगळल्यास सुबक रंगीत नकाशाच्या भरवशावर कोरडी विहीर खोदली जाण्याचा धोका राहतो.