हेलिकॉप्टर कुणासाठी?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून काम करताना नातेवाइकांचा एक प्रश्न नेहमी कानी येतो : "सिस्टर, हेलिकॉप्टरनं पुण्याला नेता येईल काय ओ?" दागिने मोडायची तयारी झालेली असते.

त्यांना मी आधी खर्च सांगते. तळावरून येण्याचं आणि रिकामं परतण्याचंही उड्डाण बिलात धरलं जातं. इंधन, वैमानिक, डॉक्टर, देखभाल मिळून खासगी सेवेचा आकडा लाखांत जातो. एवढं करूनही दोन्ही टोकांना ॲम्ब्युलन्स लागतेच. इथून उजळाईवाडी विमानतळ गाठायचा, पुण्यात उतरून पुन्हा रस्ता. यात वेळ जातो, आणि पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ते कोल्हापुरातच मिळत असताना पुण्याच्या घाईत रुग्णाचा मेंदू गमावला जातो.

तरीही गरज खरी आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद होता, जुलै २०२१ मध्ये पुन्हा. अशा वेळी वरचाच मार्ग उरतो. मात्र गगनबावड्याचा रस्ता पाण्याखाली जातो, तेव्हा घाटात ढगही खाली उतरलेले असतात. पैसा असूनही तेव्हा उडता येत नाही. म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात व्हेंटिलेटर आणि तो चालवणारा माणूस मला आधी हवा.

पण हेलिकॉप्टरचा खर्च रुग्णावरच पडला पाहिजे असं नाही. ऋषिकेशच्या एम्सनं ऑक्टोबर २०२४ मध्ये हेलिकॉप्टर सेवा सुरू केली, ती रुग्णाला मोफत होती. आपल्याकडे २०१४ पासून १०८ ची ॲम्ब्युलन्स मोफत धावते. हेलिकॉप्टरही त्याच क्रमांकाला जोडावं, आणि कुणाला न्यायचं हे डॉक्टरनं ठरवावं.