चमच्यावरची अक्षरं

माझं लग्न अमेरिकेत, मिसिसिपी राज्यात झालं. नवरा तिथलाच. लग्नाआधीचे दोन महिने आईचा फोनवर एकच प्रश्न असायचा, "केळवणं झाली का गं?" मी म्हणायचे, "झाली, पण जेवण कमी आणि बोलणं जास्त." आज त्या तिकडच्या केळवणांबद्दलच सांगणार आहे.

मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, लुईझियाना या राज्यांना तिकडे नुसतं 'साउथ' म्हणतात, म्हणजे दक्षिण. तिथे लग्न एका संध्याकाळचं असतं, पण आधीचे समारंभ कितीतरी. त्यातला मुख्य ब्रायडल शॉवर. शॉवर म्हणजे पावसाची सर, इथे मात्र भेटवस्तूंची. हा समारंभ नवरीच्या आईने करायचा नाही, असा जुना दंडक आहे. आपल्याच लेकीसाठी भेटी मागितल्यासारखं दिसतं ना! मग मैत्रिणी, शेजारणी, चर्चमधल्या बायका पुढे होतात. माझा शॉवर सासूबाईंच्या चार मैत्रिणींनी मिळून केला.

दुपारची वेळ. टेबलावर कडा कापलेली इवलीशी सँडविचेस, चीजच्या खुसखुशीत तिखट काड्या आणि पिमेंटो चीज. हे म्हणजे किसलेलं चेडर, मेयोनीज आणि गोड्या लाल मिरचीचे तुकडे एकत्र कालवलेलं. त्यात आपला ठेचा घालावा असं फार वाटलं, पण नवरी होते, गप्प बसले.

मग खरी परीक्षा. प्रत्येक भेट सगळ्यांसमोर उघडायची आणि काहीतरी छान बोलायचं. आपल्याकडे केळवणाला मिळालेलं पाकीट कोणी तिथेच फोडत नाही. मला तर हात थरथरायला लागले. शेजारी एक जण वही घेऊन बसली होती. कोणी काय दिलं, ते लिहीत होती. अगदी आपल्या आहेराच्या वहीसारखं. फरक एवढाच की आपली वही पुढे त्यांच्या घरी कार्य निघालं की बघायची, आणि त्यांची लगेच, आभाराची पत्रं लिहायला. छापील नाही, हाताने लिहिलेली, वस्तूचं नाव घेऊन. मी बेचाळीस लिहिली. एका आजींनी स्वतःच्या अक्षरात पाककृती लिहून दिली होती. त्यांचं पत्र लिहिताना वेळ लागला, कारण त्यांना नुसतं 'आभार' म्हणणं पुरेना.

भेटींच्या फिती एका कागदी ताटलीला बांधून खोटा पुष्पगुच्छ करतात. लग्नाच्या आदल्या दिवशी चालण्याची तालीम असते, तेव्हा नवरी तो हातात धरते. भेट उघडताना जितक्या फिती तुटतील तितकी मुलं, असं गमतीने म्हणतात. माझ्या तीन तुटल्या. चौथ्या भेटीला मी कात्री मागून घेतली.

आणखी एक गंमत. लग्नात पाऊस नको म्हणून महिनाभर आधी लग्नाच्या जागी बर्बनची, म्हणजे मक्यापासून केलेल्या व्हिस्कीची, भरलेली बाटली उलटी पुरतात. आपण पाऊस यावा म्हणून धोंडी काढतो, ते येऊ नये म्हणून बाटली पुरतात. आमच्या लग्नात पाऊस आला नाही. तालमीच्या दिवशी मात्र धो धो आला.

आता ज्याच्यासाठी हे सगळं सांगत होते, ते. तिथे जुन्या घरांतून नवरीला चांदीचे काटे-चमचे देण्याची रीत आहे. नवरी नक्षी निवडते आणि एकेक जण एकेक नग देतो. त्यावर अक्षरं कोरतात. सासूबाईंच्या मैत्रिणीने मला विचारलं, "कोणती कोरायची?" मला वाटलं, नवऱ्याच्या आडनावाचीच असणार. तेव्हा सासूबाईंनी आपल्या आजेसासूबाईंचा चमचा आणून दाखवला. त्यावर त्यांच्या माहेरच्या नावाची अक्षरं होती. जुनी रीत हीच, त्या म्हणाल्या. चांदी नवरीची, म्हणून अक्षरं नवरीची.

मला आपलं स्त्रीधन आठवलं. आणि आपल्याकडे ताटातल्या तांदळात अंगठीने नवरीचं नवीन नाव लिहितात, तेही. माझ्या थोरल्या बहिणीचं नाव तसंच बदललं. माहेरी आली की ती अजून जुन्या नावाला 'ओ' देते.

पण ही गोष्ट दिसते तेवढी गोड नाही. पूर्वी तिथे लग्न झालं की बायकोची जंगम मालमत्ता कायद्याने नवऱ्याची होत असे. विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने मालमत्ता ठेवू देणारा कायदा मिसिसिपीने १८३९ साली केला, इतर बहुतेक राज्यांच्या आधी. हे वाचून मी खूश होऊन माझ्या एका मैत्रिणीला सांगायला गेले. ती कृष्णवर्णीय, माझ्या करवल्यांपैकी एक. ती म्हणाली, "पुढचंही वाच." पुढे वाचलं, तर त्या कायद्याचा मोठा भाग गुलाम माणसांबद्दल होता. नवऱ्याच्या कर्जापायी बायकोचे गुलाम जाऊ नयेत, म्हणून. म्हणजे एका बाईचा हक्क दुसऱ्या बाईच्या मानेवर उभा होता. मैत्रीण म्हणाली, "असल्या चांदीवर अक्षरं कोणाची, ते तुम्ही बघा. ती घासत कोण होतं, ते आमच्या घरात ठाऊक आहे."

मी बरेच दिवस ठरवू शकले नाही. सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या गप्प राहिल्या, रागावल्या नाहीत. शेवटी मी जुनी चांदी घेतली नाही. नवे सहा चमचे घेतले, साधे. त्यावर माझ्या नावाचं आणि माहेरच्या आडनावाचं अक्षर कोरून घेतलं, देवनागरीत. कोरणाऱ्या म्हाताऱ्याने कागद उलटासुलटा करून विचारलं, यातली वरची बाजू कोणती? मी शिरोरेषा दाखवली.

करवल्यांना नवरीने जेवण द्यायचं असतं. त्या जेवणात मी खीर केली आणि ते चमचे पहिल्यांदा बाहेर काढले. जेवण झाल्यावर मैत्रीण उठून चमचे गोळा करायला लागली. मी तिच्या हातातून ते काढून घेतले आणि मीच घासले.