व्हिक्टोरियाकालीन निसर्गचित्रांच्या लाद्या : संग्रह आणि जतन

प्रस्तावना :
व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीत (१८३७-१९०१) इंग्लंडमध्ये पाने, फुले, पक्षी यांच्या आकृतींनी सजविलेल्या चिनी मातीच्या लाद्यांचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर झाले. आज या लाद्या संग्राहकांच्या आवडीचा विषय ठरल्या आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचे स्वरूप, त्या ओळखण्याच्या खुणा आणि संग्रहामागील जतनाचा प्रश्न यांचा विचार केला आहे.

तंत्र आणि आकृतिबंध :
१८४० मध्ये रिचर्ड प्रॉसर यांनी कोरड्या मातीची भुकटी साच्यात दाबून वस्तू घडविण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. हर्बर्ट मिंटन यांनी ती पद्धत लाद्यांसाठी वापरली. त्यामुळे एकसारख्या मापाची लादी स्वस्तात तयार होऊ लागली. जमिनीच्या लाद्यांत वेगवेगळ्या रंगांच्या मातीची नक्षी आतपर्यंत भरलेली असते. म्हणून पृष्ठभाग झिजला तरी नक्षी दीर्घकाळ टिकते. निसर्गचित्रे मुख्यतः भिंतीच्या चकचकीत लाद्यांवर आढळतात. ओवेन जोन्स यांच्या १८५६ च्या नक्षीविषयक ग्रंथाने पानाफुलांच्या रचनेकडे कलावंतांचे लक्ष वेधले. विल्यम डी मॉर्गन यांच्या लाद्यांवरील फुले व प्राणी विशेष प्रसिद्ध आहेत.

महाराष्ट्रातील उदाहरणे :
मुंबईच्या भायखळा येथील व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालय १८७२ मध्ये खुले झाले. १९७५ पासून ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. तेथील जमिनीवर मिंटनच्या लाद्या आहेत. या वास्तूच्या पुनरुज्जीवनाला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातील पुरस्कार मिळाला. तेथे लादी आपल्या मूळ जागी राहिली, हे विशेष महत्त्वाचे होय.

ओळख :
लादीची खरी ओळख तिच्या पाठीवर असते. तेथे अनेकदा कारखान्याचे नाव उमटविलेले असते. १८४२ ते १८८३ या काळातील नोंदणीकृत नक्षीवर चौकट आकाराची खूण आढळते, तर १८८४ पासून नोंदणी क्रमांक दिसतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जपानहूनही फुलांच्या लाद्या भारतात आल्या. त्या दिसायला इंग्रजी लाद्यांसारख्याच असल्याने केवळ दर्शनी बाजूवरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हे.

जतनाचा प्रश्न :
जुनी इमारत पाडली जाते तेव्हा संग्राहक उचलून नेतो ती लादी वाचते, उरलेल्या मलब्यात जातात. या अर्थाने संग्राहक हा रक्षकच होय. परंतु लादीला किंमत आली की उभ्या वास्तूच्या भिंतीही उकरल्या जाण्याचा धोका निर्माण होतो. अनेकदा एकच वेल चार लाद्यांवर पसरलेली असते. त्यांतील एक निघाली की चारही अपुऱ्या ठरतात. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार इमारतीपासून विलग केलेली, किमान शंभर वर्षे जुनी वस्तू पुरावशेषाच्या व्याख्येत येते. अशा वस्तूंच्या व्यापारासाठी परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीस त्यांची निर्यात करता येत नाही. ही बाब संग्राहकाने ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :
लादीचे मूल्य तिच्या नक्षीइतकेच तिच्या जागेतही असते. म्हणून संग्रहापूर्वी नोंद झाली पाहिजे : कोणती वास्तू, कोणती भिंत, कोणता क्रम. हे काम महानगरापुरते मर्यादित नाही. कळंबसारख्या तालुक्याच्या गावातील महाविद्यालयांनाही परिसरातील जुन्या घरांतील फरशी, लाद्या व नक्षीकाम यांची छायाचित्रांसह नोंद विद्यार्थ्यांकडून करवून घेता येईल. त्यासाठी मोजपट्टी, कॅमेरा, वही आणि घरमालकाची संमती एवढेच पुरेसे आहे. वास्तू पडली तरी अशी नोंद अभ्यासकांच्या हाती राहील.