ब्रेक दाबला की पेट्रोल जातं कुठे?

खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत बोरघाट चढताना गाडी सुमारे ५०० मीटर उंची गाठते. हवेचा विरोध आणि टायरचं घर्षण बाजूला ठेवलं, तरी १२०० किलोची गाडी एवढी वर न्यायला अर्ध्या लिटरहून जास्त पेट्रोल लागतं. उतरताना मात्र ही कमाई आपण ब्रेक तापवून हवेत सोडून देतो. घाट उतरलेल्या ट्रकच्या चाकांपाशी येणारा जळका वास त्याचाच. शहरातही तेच घडतं, फक्त प्रत्येक सिग्नलला थोडं थोडं. त्यात वेग दुप्पट असेल तर थांबताना वाया जाणारी ऊर्जा चौपट!

पर्यायी इंधनाच्या चर्चेत या गळतीकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. इंजिनासोबत विजेची मोटरही असलेल्या हायब्रिड गाडीने नेमकं तिथेच हात घातला. ब्रेक दाबला की चाकं मोटर फिरवू लागतात, मोटर जनित्राचं काम करते आणि वीज तयार करायला जो जोर लागतो त्यानेच गाडी मंदावते. वीज बॅटरीत जमा होते आणि सिग्नल सुटला की तीच गाडीला पुढे ढकलते.

टोयोटाची प्रियस डिसेंबर १९९७ मध्ये जपानच्या बाजारात आली. ताकेशी उचियामादा यांच्या चमूने तिच्यात नेहमीचा गिअरबॉक्स ठेवलाच नाही. मधल्या 'सूर्य' गिअरला जनित्र, भोवती फिरणाऱ्या 'ग्रह' गिअरांच्या चौकटीला इंजिन आणि बाहेरच्या कड्याला मोटर व चाकं, अशी जुळणी केली. त्यामुळे गाडीचा वेग काहीही असो, इंजिन आपल्याला सोयीच्या फेऱ्यांवर चालू शकतं. इंजिनही निराळं. ब्रिटिश अभियंता जेम्स ॲटकिन्सन यांनी १८८२ च्या सुमारास सुचवलेल्या चक्रात वायूला प्रसरणासाठी जास्त वाव मिळतो, म्हणून इंधनातून जास्त काम निघतं. पण असं इंजिन कमी वेगात दुबळं पडतं. ती उणीव मोटर भरून काढते, कारण तिचा जोर पहिल्या क्षणापासून पूर्ण असतो. शंभर वर्षं मागे पडलेल्या कल्पनेला असा जोडीदार मिळाला, ही मला या गाडीतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

मर्यादाही स्पष्ट आहेत. सुरुवातीच्या प्रियसची बॅटरी दीड-पावणेदोन युनिटांचीच होती, आणि ती टिकावी म्हणून पूर्ण भरूही देत नाहीत. लांब घाटात ती मध्येच 'भरते' आणि पुढे पुन्हा इंजिनाच्या रोधावरच भिस्त. शिवाय प्लग नसलेल्या हायब्रिडची सारी ऊर्जा शेवटी पेट्रोलमधूनच येते.

मग पेट्रोलच्या जागी काय? इथेनॉल आपल्या साखर कारखान्यांतून येतं, पण लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, आणि उसाला पाणी किती लागतं हे मराठवाड्याला सांगायला नको. विजेपासून हायड्रोजन काढा, दाबून भरा, गाडीत पुन्हा त्याची वीज करा, तर मूळ विजेतली जेमतेम एक तृतीयांश चाकांपर्यंत पोहोचते. तीच वीज थेट बॅटरीत भरली, तर दोन तृतीयांशाहून जास्त कामी येते. म्हणून छोट्या गाड्यांसाठी बॅटरीच सरस, असं माझं मत आहे. मात्र आपली निम्म्याहून बरीच जास्त वीज आजही कोळशावर होते, हे विसरून चालणार नाही.

वीज स्वच्छ होईपर्यंत हायब्रिड घ्यायची असेल, तर आधी आपला रोजचा रस्ता पाहा. सिग्नल आणि कोंडीतून जाणाऱ्याला तिचा फायदा मोठा. द्रुतगती मार्गावर ब्रेक क्वचितच लागतो, तिथे हा फायदा बराच घटतो.