सेटलमेंट केलं म्हणजे कर्ज मिटलं का?

गटाच्या बैठकीत हल्ली एक विषय हमखास निघतो. मुलानं विशीत मोटारसायकलसाठी, मोबाइलसाठी कर्ज काढलं, काम सुटलं, हप्ते थकले. मग कुणीतरी सल्ला देतं, "दिवाळं जाहीर कर, सुटशील."

आपल्याकडे ते इतकं सोपं नाही. बातम्यांत कंपन्यांची दिवाळखोरी ऐकतो, ती 2016 च्या कायद्याखाली. त्यातला साध्या माणसाच्या कर्जाचा भाग अजून लागूच झालेला नाही. मुंबईबाहेर अजून 1920 चा, इंग्रजांच्या काळातला कायदा आहे. कोर्ट, वकील, वर मालमत्ता कोर्टाच्या ताब्यात. अर्जासाठी किमान 500 रुपयांचं देणं हवं असं त्यात लिहिलंय, यावरूनच त्याचं वय कळतं!

म्हणून पोरं करतात ते सेटलमेंट. समजा 60 हजार देणं आहे. बँक म्हणते, 35 हजार एकदम भर, बाकीचे सोडतो. फोन थांबतात, घरात हायसं वाटतं. पण सिबिलच्या नोंदीत त्या खात्यापुढं 'बंद' असं न येता 'सेटल्ड' असं येतं. म्हणजे कर्ज पूर्ण फिटलं नाही, हे पुढच्या प्रत्येक बँकेला दिसतं. अशा नोंदी निदान सात वर्षं जपायच्या, असा नियम आहे. बाविसाव्या वर्षीची तडजोड एकोणतिशीपर्यंत मागं राहते, आणि दुकान, ट्रॅक्टर, घर यांसाठी कर्ज लागतं ते नेमकं याच वयात.

आई सहकर्जदार किंवा जामीनदार असेल, तर डाग तिच्याही नावावर. बाई आपल्या गटाचे हप्ते वेळेवर भरत असते, तरी तिला नवं कर्ज मागताना हे आडवं येऊ शकतं. सही करताना हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

हप्ता चुकायच्या आधीच बँकेत जा. मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा. त्याचीही नोंद होते, पण पूर्ण फेडायची वाट उघडी राहते. सेटलमेंट होऊन गेलं असेल, तर हाती पैसे आल्यावर सोडलेली रक्कम भरायची तयारी दाखवा, 'नो ड्यूज'चं पत्र घ्या आणि खातं 'बंद' दाखवायला लेखी सांगा. उशिराच्या जुन्या हप्त्यांची नोंद लगेच पुसत नाही. पैसे घेऊन स्कोअर वाढवून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

सिबिलसारख्या चार कंपन्या आहेत. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. मुलाला मोबाइलवर काढायला लावा आणि शेजारी बसून वाचा. चूक दिसली तर तक्रार करा. 30 दिवसांत ती निकाली निघाली नाही, तर पुढच्या दर दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तक्रारीची तारीख आणि क्रमांक गटाच्या वहीत लिहून ठेवा.