मासा आजारी दिसतोय? औषध ओतण्याआधी पाणी तपासा

"अब्बू, हे बघा, सगळे मासे वर येऊन तोंड उघडतायत!" ईदीच्या पैशांतून घेतलेल्या टाकीला जेमतेम दहा दिवस झाले होते. दोन फुटी टाकी, त्यात सहा गोल्डफिश. दुकानात फोन केला. "निळं औषध टाका, होतील बरे," असं उत्तर मिळालं. टाकलं. सकाळी दोन मासे तळाशी निपचित पडले होते आणि मुलगा शाळेत जायला तयार होईना.

नंतर पाणी तपासलं तेव्हा कळलं की माशांना रोग झालेलाच नव्हता. ते स्वतःच्याच घाणीत गुदमरत होते आणि औषधाने त्यात भर घातली. अशी चूक अनेक घरांत होते. म्हणून मासा सुस्त दिसला तर काय करायचं, ते क्रमाने पाहू.

पहिलं काम : पाणी

माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात जातो. उरलेलं खाद्य कुजलं की त्यात आणखी भर पडते. जुन्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर चांगले जिवाणू वाढलेले असतात. ते अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिले दोन पदार्थ माशाला विषारी असतात, तिसरा त्यामानाने सौम्य. नव्या टाकीत हे जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. आपण मात्र पहिल्याच दिवशी सहा-आठ मासे सोडून मोकळे होतो.

मासे पाळण्याचं सामान मिळतं तिथे पाणी तपासायचं किट मिळतं. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे आणि रंग सोबतच्या तक्त्याशी जुळवायचा. अमोनिया शून्य हवा, नायट्राइटही शून्य हवं. नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या खाली ठेवावं. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं म्हणून ते चांगलं आहे असं समजू नका. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही.

अमोनिया निघाला तर त्याच दिवशी २५ ते ३० टक्के पाणी बदला आणि खाद्य एक-दोन दिवस बंद ठेवा. पुढे रोज तपासत, गरजेप्रमाणे थोडं-थोडं पाणी बदलत राहा. सगळं पाणी एकदम काढू नका, त्या धक्क्यानेही मासा दगावतो.

नळाचं पाणी थेट ओतायचं नाही, त्यात क्लोरिन असतं. बादलीत २४ तास उघडं ठेवा किंवा क्लोरिन घालवणारे थेंब टाका. नवं पाणी टाकीतल्या पाण्याइतकंच गार-गरम असावं. फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुऊ नका, चांगले जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो हलका पिळून घ्या.

फक्त पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर ऑक्सिजन कमी पडत असण्याची शक्यता जास्त. झाडं जास्त असतील तर रात्री तीही ऑक्सिजन घेतात. हवेचा पंप रात्रभर चालू ठेवा. वीज जात असेल तर बॅटरीवर चालणारा छोटा पंप घरात असू द्या.

दुसरं काम : मासा नीट बघा

पाणी ठीक निघालं आणि तरी मासा बरा नसेल, तर दहा मिनिटं टाकीसमोर बसा. अंगावर काय दिसतं? पोहतो कसा? खातो का?

मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके : याला 'इक' किंवा व्हाइट स्पॉट म्हणतात. हा एक परजीवी आहे. मासा दगडाला, काचेला अंग घासतो. मात्र नर गोल्डफिशला विणीच्या काळात कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेला पांढरे दाणे येतात, तो आजार नव्हे. दाणे फक्त तिथेच असतील आणि मासा मजेत खात असेल तर काही करू नका.

शेपूट, पर कुरतडल्यासारखे : कडा पांढरट आणि फाटक्या होत जातात. हा जिवाणूंचा आजार बहुतेक वेळा घाण पाण्यामुळे होतो. लवकर लक्षात आला तर आठ-दहा दिवस स्वच्छ पाणी दिल्यावर पर पुन्हा वाढू लागतात.

कापसासारखे पुंजके : जखमेवर आले तर बहुधा बुरशी. तोंडाभोवती पांढरट थर असेल आणि झपाट्याने पसरत असेल तर तो जिवाणूंचा आजार असू शकतो. अशा वेळी पाणी गरम करू नका, गरम पाण्यात तो आणखी वेगाने वाढतो.

मासा तिरका, उलटा तरंगतो : गोल, फुगीर गोल्डफिशमध्ये बरेचदा जास्त खाण्यामुळे असं होतं. दोन-तीन दिवस उपास ठेवा. मग उकडून साल काढलेल्या मटारचा छोटा तुकडा द्या.

पोट फुगून खवले बाहेर उभे राहिलेले : वरून पाहिलं तर मासा काटेरी दिसतो. मूत्रपिंड निकामी झाल्याची ही खूण असते. यातून मासे क्वचितच वाचतात. मुलांना हे आधीच प्रेमाने सांगून ठेवलेलं बरं.

पांढऱ्या ठिपक्यांवर उपाय

अंगावरच्या ठिपक्यात परजीवी कातडीखाली दडलेला असतो, तिथे औषध पोचत नाही. पूर्ण वाढला की तो गळून तळाशी जातो आणि फुटून शेकडो पिल्लं पाण्यात सोडतो. औषध लागू पडतं ते या पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणून तीन दिवसांत ठिपके गेले तरी औषध थांबवायचं नाही. दहा ते चौदा दिवस उपचार चालू ठेवा. परजीवी पाण्यातही असतो, त्यामुळे एकच मासा काढून उपयोग नाही, सगळ्या टाकीवर उपचार हवा.

घरचा साधा उपाय म्हणजे जाडं मीठ. एका लिटरला १ ग्रॅमपासून सुरुवात करून दोन दिवसांत २ ग्रॅमपर्यंत न्या. मीठ मगभर पाण्यात विरघळवून हळूहळू सोडा. मीठ उडून जात नाही, हे ध्यानात ठेवा. पाणी आटलं तर साधं पाणी भरा. पाणी बदललं तर जेवढं काढलं तेवढ्याच पाण्याचं मीठ टाका. गोल्डफिश, मोली, गप्पी यांना हे चालतं. कोरीडोरास आणि लोच यांना मीठ सोसत नाही, बऱ्याच झाडांनाही नाही.

उष्ण प्रदेशातले मासे असतील तर हीटरने तापमान रोज एक-दोन अंशांनी वाढवत ३० अंशांपर्यंत नेता येतं. त्यामुळे परजीवीचं चक्र लवकर पुरं होतं. पण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, म्हणून हवेचा पंप चालूच हवा. गोल्डफिश थंड पाण्यातला मासा, त्याला एवढं तापवू नका.

औषध टाकायचं तर मोजून

आधी टाकीत पाणी किती ते काढा. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, गुणाकार करा आणि १००० ने भागा. ६० × ३० × २५ म्हणजे ४५ लिटर. खडे असतील तर थोडं कमी धरा. डोस बाटलीवर लिहिलाय तेवढाच. फिल्टरमध्ये कोळसा असेल तर तो काढून ठेवा, नाहीतर औषध तोच शोषून घेईल.

निळं औषध, म्हणजे मेथिलिन ब्लू, फिल्टरमधल्या चांगल्या जिवाणूंना मारतं. आमच्याकडे नेमकं हेच झालं. ते वापरायचंच असेल तर वेगळ्या टबात. हिरव्या औषधात, मॅलाकाइट ग्रीनमध्ये, हात घालताना हातमोजे हवेत. मुलांना ते हाताळू देऊ नका. दोन औषधं एकत्र करू नका. माणसांच्या अँटिबायोटिकच्या कॅप्सूल तर अजिबात फोडून टाकू नका. अंदाजाने दिलेल्या डोसाने जिवाणू मरत नाहीत, उलट औषधाला दाद न देणारे होतात.

हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नका. माशांपासून माणसाला होणारा एक त्वचारोग असतो आणि तो महिनोन्महिने बरा होत नाही. नळी तोंडाने ओढून पाणी काढू नका. काम झालं की साबणाने हात धुवा.

मासा मेला तर लगेच बाहेर काढा आणि पुरून टाका. जिवंत मासा नकोसा झाला म्हणून विहिरीत, तळ्यात किंवा नदीत सोडू नका. काच साफ करायला म्हणून आणलेला सकर मासा असाच बाहेर जाऊन देशात अनेक ठिकाणच्या स्थानिक माशांच्या मुळावर आलाय.

आमचे उरलेले चार गोल्डफिश पाणी बदलून बदलून वाचले. दर रविवारी मुलगा स्वतः नळीत थेंब टाकतो आणि रंग जुळवून सांगतो, "अब्बू, शून्य!" खाद्याचा डबा मात्र अम्मीने वरच्या फळीवर ठेवलाय. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच.