वणीचे लोकनायक बापूजी अणे : वर्गात सांगताना



२९ ऑगस्टला आपल्या शाळांमध्ये काय असतं? राष्ट्रीय क्रीडा दिन. मेजर ध्यानचंद यांचा फोटो, हार, धावण्याच्या शर्यती, कबड्डी. सगळं योग्यच आहे. पण याच तारखेला, १८८० साली, वणीत एक मूल जन्माला आलं. ते पुढे काँग्रेसचं कार्यकारी अध्यक्ष झालं, व्हाइसरॉयच्या मंडळात बसलं, बिहारचं राज्यपाल झालं आणि ऐंशी ओलांडल्यावरही लोकसभेत होतं. माधव श्रीहरी अणे, म्हणजेच लोकनायक बापूजी अणे. त्यांचं निधन झालं तेही २६ जानेवारीला, १९६८ मध्ये. म्हणजे जयंती खेळांत जाते आणि पुण्यतिथी झेंडावंदनात! यवतमाळ जिल्ह्यातल्या मुलांना वसंतराव नाईक माहीत असतात, पण अणे म्हटलं की बरीच मुलं 'महिला महाविद्यालयाचं नाव आहे ना ते?' एवढंच सांगतात.

म्हणून हा पाठ. भाषणासाठी नाही, वर्गात समजावून सांगण्यासाठी.

आधी काळ डोळ्यांसमोर उभा करू. बापूजी जन्मले तेव्हा वणी ज्या जिल्ह्यात होती त्याचं नाव यवतमाळ नव्हतंच. वणीच्याच नावावरून तो ओळखला जाई, इंग्रजी कागदांत त्याला 'वून' लिहीत. यवतमाळ हे नाव जिल्ह्याला १९०५ मध्ये मिळालं. वऱ्हाड तेव्हा निजामाचा म्हणायचा, पण कारभार इंग्रजांचा, असा विचित्र प्रकार. १८५३ पासून ही व्यवस्था होती. मुलांना हे सांगितलं की ती लगेच विचारतात, "मग आपण नेमके कोणाचे होतो?" हा प्रश्न सोडू नका. बापूजींनी आयुष्यभर जो विदर्भाचा प्रश्न लावून धरला त्याचं मूळ इथेच कुठेतरी आहे.

शिक्षण नागपूरच्या मॉरिस कॉलेजात झालं. त्यानंतर काही वर्षं ते अमरावतीला शाळेत शिक्षक होते. (आपल्या बिरादरीतले, हे मुलांना जरूर सांगा.) मग कायद्याची पदवी घेऊन यवतमाळला वकिली. राजकारणात ते आले टिळकांचं बोट धरून. होमरूलच्या चळवळीत होते आणि टिळकांच्या पश्चात वऱ्हाड प्रांतिक काँग्रेसचं अध्यक्षपद बरीच वर्षं त्यांच्याकडे होतं.

आता इथे एक शब्द समजून घ्यावा लागतो, नाहीतर पुढचं सगळं आयुष्य कोड्यासारखं वाटेल. तो शब्द म्हणजे 'प्रतियोगी सहकार'. टिळकांची ही कल्पना. सरकार जेवढं देईल तेवढं घ्यायचं, जेवढं सहकार्य करेल तेवढंच आपण करायचं, आणि उरलेल्यासाठी भांडत राहायचं. गांधीजींचं असहकाराचं धोरण याहून वेगळं होतं. शाळा, कोर्ट, कायदेमंडळ सगळ्यावर बहिष्कार. बापूजींना हा सरसकट बहिष्कार पटला नाही. न. चिं. केळकर, बॅ. जयकर, डॉ. मुंजे यांच्याबरोबर ते प्रतियोगी सहकाराच्या बाजूला राहिले आणि वऱ्हाडातून दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून गेले. आत जाऊन भांडायचं, असा हिशेब.

मुलांना हे कळायला जड जात नाही. घरात वडिलांशी भांडण झालं तर जेवायला बसायचंच नाही की ताटावर बसून आपलं म्हणणं मांडायचं? दोन्ही प्रकार त्यांनी करून पाहिलेले असतात.

पण १९३० आलं आणि हाच कायदेमंडळातला माणूस कायदेमंडळ सोडून रस्त्यावर आला. इथे जरा थांबा, कारण आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. ठीक. पण वणी-पुसदच्या माणसाने मीठ कुठून उचलायचं? समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. मग आपल्याकडे सरकारचा कायदा रोज कुणाला आणि कुठे टोचतो? तर जंगलात. राखीव जंगलातलं गवत कापायला बंदी, गुरं चारायला पैसे, लाकूडफाटा आणला तर गुन्हा. गोंड, कोलाम, बंजारा, साधा कुणबी शेतकरी, सगळ्यांचं पोट आणि सगळ्यांची गुरं या जंगलाशी बांधलेली. तेव्हा मिठाच्या जागी गवत आलं. १० जुलै १९३० रोजी बापूजींनी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापलं आणि त्यांना अटक झाली. पन्नाशीला आलेला, दिल्लीत आमदारकी केलेला वकील हातात विळा घेऊन उभा, हे चित्र मुलांच्या मनात राहतं. त्यानंतर मध्य प्रांत-वऱ्हाडात ठिकठिकाणी जंगल सत्याग्रह झाले. त्याच महिन्यात यवतमाळजवळ डॉ. हेडगेवारांनीही सत्याग्रह केला होता. पाठ्यपुस्तकात जंगल सत्याग्रह एखाद्या ओळीत उरकलेला असतो. ती ओळ आली की पुढे जाऊ नका, मुलांना त्यांच्या आजोबांना विचारायला सांगा की 'फॉरेस्टवाल्यां'बद्दल गावात काय बोललं जायचं.

गांधीजींशी मतभेद असूनही त्यांचा बापूजींवर विश्वास होता. १९३१ मध्ये बंगाल काँग्रेसमध्ये सुभाषबाबू आणि सेनगुप्त या दोन गटांचं भांडण विकोपाला गेलं, तेव्हा निवाडा करायला काँग्रेसने पाठवलं ते अण्यांना. १९३३ मध्ये बहुतेक पुढारी तुरुंगात असताना ते काँग्रेसचे कार्यकारी अध्यक्ष होते. मे महिन्यात गांधीजींनी २१ दिवसांचं उपोषण सुरू केलं आणि त्यांच्या सूचनेवरून कायदेभंग काही आठवडे स्थगित करण्याची घोषणा बापूजींनी केली. जुलैत पुण्याच्या बैठकीनंतर सामुदायिक कायदेभंग थांबवून वैयक्तिक सत्याग्रहाची वाट ठेवली गेली, तेही त्यांच्याच सहीने. थकलेली चळवळ थांबवण्याचं काम कुणालाच नको असतं, टाळ्या पडत नाहीत त्याला.

वर्षभरातच ते काँग्रेसच्या धोरणाविरुद्ध उभे राहिले. कारण जातीय निवाडा. ब्रिटिशांनी धर्मावर आधारित वेगळे मतदारसंघ दिले होते आणि काँग्रेसने भूमिका घेतली की आम्ही तो स्वीकारतही नाही, नाकारतही नाही. पंडित मालवीय आणि अणे म्हणाले, हे कसलं धोरण? त्यांनी १९३४ मध्ये काँग्रेस नॅशनलिस्ट पक्ष काढला आणि बापूजी पुन्हा मध्यवर्ती कायदेमंडळात गेले.

आता अवघड भाग. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या कार्यकारी मंडळात सामील झाले. परदेशातल्या भारतीयांचं खातं त्यांच्याकडे होतं. म्हणजे छोडो भारत सुरू झालं तेव्हा गांधी-नेहरू तुरुंगात आणि बापूजी सरकारात! आणि त्याच ऑगस्टमध्ये चिमूर पेटलं. चिमूर आपल्याला परकं नाही, वर्धा नदी ओलांडली, वरोरा मागे टाकलं की त्याच पट्ट्यात. १६ ऑगस्ट १९४२ ला तिथे गोळीबार झाला, जमावाने सरकारी अधिकाऱ्यांना ठार केलं आणि मग पोलीस-लष्कराने गावावर, विशेषतः बायाबापड्यांवर, जो सूड उगवला तो वाचवत नाही. (सातवी-आठवीला 'अत्याचार' एवढाच शब्द पुरे.) सेवाग्रामचे प्रा. भन्साळी चौकशीची मागणी घेऊन थेट दिल्लीला बापूजींच्या घरी गेले आणि तिथेच उपोषणाला बसले. आपल्या मुलखाचा माणूस सरकारात आहे, त्याने चौकशी करवावी किंवा राजीनामा द्यावा. बापूजींनी तेव्हा दोन्ही केलं नाही. भन्साळींना तिथून हलवण्यात आलं आणि त्यांचं उपोषण साठ दिवसांच्या वर चाललं.

राजीनामा आला तो फेब्रुवारी १९४३ मध्ये, गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये उपोषण सुरू केल्यावर. होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्याबरोबर बापूजी बाहेर पडले.

हा भाग जयंतीच्या भाषणांत गाळतात. माझ्या मते तो गाळू नये. आत जाऊन भांडायचं हा त्यांचा मार्ग त्यांनी तरुणपणापासून प्रामाणिकपणे चालवला, पण चिमूरच्या वेळी त्या मार्गाची मर्यादा दिसली. ते नोव्हेंबरमध्येच बाहेर पडले असते तर मला जास्त आवडलं असतं. तुमचं मत वेगळं असू शकतं, नववीच्या मुलांचं तर असतंच. वर्गाचे दोन गट करा, एक भन्साळींच्या बाजूने, एक अण्यांच्या. तास कमी पडतो.

पुढचं झरझर सांगते. १९४३ ते १९४७ ते श्रीलंकेत, तेव्हाच्या सिलोनमध्ये, भारत सरकारचे प्रतिनिधी होते. तिथल्या चहाच्या मळ्यांत काम करणाऱ्या तमिळ मजुरांच्या हक्कांचा प्रश्न तेव्हा पेटू लागला होता. स्वातंत्र्यानंतर लगेच त्यातल्या लाखोंचं नागरिकत्व गेलं. १९४८ ते १९५२ बापूजी बिहारचे राज्यपाल. इतक्यावर कुणीही आरामखुर्ची घेतली असती.

पण विदर्भाचा प्रश्न राहिला होता. राज्य पुनर्रचना आयोगापुढे त्यांनी आणि ब्रिजलाल बियाणी यांनी वेगळ्या विदर्भाची बाजू मांडली. आयोगाने १९५५ च्या अहवालात तशी शिफारसही केली, पण सरकारने ती मानली नाही. मग वयाच्या सत्तरीच्या शेवटी, १९५९ च्या पोटनिवडणुकीत, ते नागपुरातून अपक्ष निवडून आले आणि १९६२ मध्ये पुन्हा, तेही अपक्षच. तोवर महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली होती. तुम्ही विदर्भवादी असा की संयुक्त महाराष्ट्रवाले, नागपूरच्या मतदाराने काँग्रेसच्या भरात ८१ वर्षांच्या अपक्षाला निवडून दिलं यातून काय कळतं, हे मुलांनाच विचारा. त्यांचे नातू श्रीहरी अणे यांनाही २०१६ मध्ये याच प्रकारच्या वक्तव्यावरून राज्याचं महाधिवक्तापद सोडावं लागलं, ते पालकांना आठवत असेल.

एक गोष्ट संस्कृतच्या शिक्षकांसाठी. बापूजींनी टिळकांच्या चरित्रावर संस्कृतात महाकाव्य लिहिलं, 'श्रीतिलकयशोऽर्णवः'. बारा हजारांहून जास्त श्लोक! १९७३ मध्ये, ते गेल्यानंतर पाच वर्षांनी, त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९६८ चं पद्मविभूषणही त्यांच्या नावावर आहे.

उपक्रम म्हणून नकाशा घ्या. वणी, अमरावती, यवतमाळ, पुसद, दिल्ली, पुणे, कोलंबो, पाटणा, नागपूर अशी ठिकाणं मुलांना क्रमाने जोडायला लावा आणि प्रत्येक ठिकाणी साल लिहायला सांगा. दिल्लीला रेघ परत परत जाते, तिथे गोंधळ होतो. आणि पुसद बरीच मुलं नकाशात भलतीकडेच दाखवतात, वणीपासून ते पश्चिमेला आहे हे आधी फळ्यावर काढून ठेवा.